कोलोरॅडोतल्या डोंगरी तळ्यात कटथ्रोट ट्राउट फ्लायवर घ्यायचाय, नदीचं तंत्र चालेना

खडकाळ
मंडळी, नदीवरचं फ्लाय फिशिंग (गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेला खोटा किडा, म्हणजे फ्लाय, टाकून मासा धरणं) आता बऱ्यापैकी अंगवळणी पडलंय, म्हणजे प्रवाह बघायचा, खडकामागची संथ जागा हेरायची, वरच्या अंगाला फ्लाय टाकायची आणि वाहत खाली येऊ द्यायची, एवढं कळतं. यंदा उन्हाळ्यात मात्र डोंगरातली छोटी तळी करायची ठरवलीयेत, खास करून जिथे इथला मूळचा कटथ्रोट सोडलाय ती. कॅमेरॉन पासजवळ झिमरमन लेक आहे, हायवे १४ वर गाडी लावून चालत वर जायचं, उंची साडेदहा हजार फुटांच्या आसपास, तिथे ग्रीनबॅक ही कटथ्रोटची उपजात आहे. जाऊन आलो. मासे डोळ्यांना दिसतात राव, काठापासून हातभर अंतरावरून निवांत हिंडतात, पण फ्लाय टाकली की एकतर ढुंकून बघत नाहीत नाहीतर सटकतात. पाणी हलत नाही त्यामुळे फ्लाय जिथल्या तिथे बसून राहते आणि पुढे काय करायचं तेच सुचत नाही.

रॉड ९ फुटी ५ वेट (मध्यम वजनाच्या लाइनची), फ्लोटिंग लाइन, लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक पारदर्शक दोरा) ९ फुटी ५एक्स, एक्सचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. फ्लायमध्ये तरंगणाऱ्या पॅराशूट ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, आणि पाण्याखाली चालणारे थोडे फेझंट टेल निम्फ. बोट नाही, फ्लोट ट्यूब (बसून तरंगायची हवा भरलेली ट्यूब) पाठीवर मारून वर न्यायचीही इच्छा नाही, काठावरूनच करायचंय. कोणी केलं असेल तर जरा सविस्तर लिहा. व्हिडिओवाले चाळीस सेकंदात मासा दाखवतात आणि पुढच्या मिनिटाला टीशर्ट विकायला लागतात.

अर्धवटराव
वाचतोय. ढुंकून न बघितलं जाणं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय असल्याने उत्तरं आली की मलाही हाक मारा.

पाणकोळी
खडकाळ, सामानात काही खोट नाही तुमच्या. नदीत मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा असतो आणि खाणं त्याच्याकडे वाहत येतं. तळ्यात खाणं जागच्या जागी असतं आणि मासा हिंडतो. हा एक फरक डोक्यात बसला की बाकीचं हळूहळू जुळत जातं.

तेव्हा वर पोचल्यावर पहिला अर्धा तास रॉड जोडूच नका. काठापासून दहा-पंधरा पावलं मागे, जमलं तर थोड्या उंचवट्यावर, पोलराइज्ड चष्मा लावून बसा आणि नुसतं बघा. कटथ्रोट काठाकाठाने फेरी मारतो. एखाद्या बुडालेल्या ओंडक्यापासून निघतो, उथळ भागावरून जातो, पाण्याचा रंग फिक्यावरून एकदम गडद होतो त्या उताराच्या कडेला वळतो, खोलात दिसेनासा होतो आणि काही मिनिटांनी परत त्याच ओंडक्यापाशी उगवतो. सगळे मासे इतके शिस्तीचे नसतात पण बरेच असतात. फेरी एकदा कळली की तो खोलात गेलेला असताना फ्लाय त्याच्या वाटेवर टाकून ठेवायची, तळाला बसू द्यायची, आणि तो परत आला, फ्लायपासून दोन-तीन फुटांवर आला की लाइन फक्त बोटभर ओढायची. तळावरून जरासा गाळ उडतो, फ्लाय किंचित उचलली जाते, आणि मासा वळलाच समजा. वळून खाली डोकं केलं की ओढून घ्यायचं. त्याच्या डोक्यावर फ्लाय मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण तुमचा मासा सटकतो तो फ्लायला घाबरून नाही, हवेतली लाइन आणि पाण्यावर पडणारी लाइन बघून.

आता उभं कुठे राहायचं ते. बहुतेक लोक तरातरा चालत जाऊन पाण्याला पाय लावतात आणि लांब मध्यावर कास्ट करतात. अशा तळ्यात मध्यावर खोल पाण्यात खायला फारसं नसतं. ऊन जिथवर तळाला पोचतं तिथवर शेवाळ, शेवाळ आहे तिथे किडे, म्हणजे सगळी पंगत काठालगतच्या पट्ट्यातच बसलेली असते आणि आपण तिच्यावर पाय देऊन उभे असतो. माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांचा शंकू, त्याच्या पलीकडे त्याला पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आरसा. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो म्हणून काठावरचा उभा माणूस त्याला खिडकीच्या कडेला चेपटलेला का होईना पण दिसतो. तोच माणूस पाण्याच्या पातळीशी दहा अंशांच्या आत राहिला तर जवळपास गायब. म्हणून गुडघ्यावर या, पाठीमागे झुडूप किंवा खडक राहील असं बघा, मोकळ्या आभाळापुढे उभे राहू नका. सूर्य थेट पाठीशी घेतला तर मासे छान दिसतात पण आपली सावली पाण्यावर पडते, मी तो खांद्याच्या बाजूला ठेवतो.

लीडर ९ फुटी कमी पडतो, टिपेट (लीडरच्या टोकाला बांधायचा आणखी बारीक दोरा) जोडून १२ फुटांपर्यंत न्या, शेवट ६एक्स. मागे झाडी असेल तर बॅककास्टचा (लाइन पाठीमागे फेकण्याचा) हट्ट सोडा आणि रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पुढे गुंडाळत टाकणं, घोटून घ्या, काठावरून तेवढं अंतर पुरतं.

टेकडीवाली
पाणकोळी +१, ते बसून बघायचं तर अगदीच. फ्लायबद्दल मी लिहिते कारण तुमच्या डबीत तळ्याचं खाणं जवळजवळ नाहीच.

एवढ्या उंचीवर बर्फ वितळून पाणी मोकळं व्हायला जून संपत येतो, काही वर्षी जुलै उजाडतो. तेव्हापासून पुढे सगळ्यात जास्त काय खाल्लं जातं तर चिलटांचे कोष. चिलटाची अळी तळाच्या गाळात राहते, काही जातींत ती लालभडक असते कारण तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, प्राणवायू कमी असला तरी तग धरते. कोष झाला की तो अगदी सावकाश, लटकत लटकत वर येतो आणि मासा त्याला वाटेतच टिपतो. त्यासाठी झीब्रा मिज किंवा साधा कायरोनोमिड (दोन्ही चिलटाच्या कोषाच्या फ्लाय), १८ ते २२ नंबर (नंबर मोठा तितका गळ बारीक), काळा नाहीतर लाल, डोक्याशी मणी. इंडिकेटरखाली (लाइनवर बांधलेल्या छोट्या तरंगणाऱ्या बोयीखाली) असा बांधायचा की तळापासून वीतभर वर लटकेल, आणि मग हात लावायचा नाही. पाण्यावरची लहर इंडिकेटर हलवेल तेवढी हालचाल पुरते. कंटाळवाणं आहे, मान्य, पण चालतं.

कॅलिबेटिस हा संथ पाण्यातला मेफ्लाय, पंखांवर ठिपके असलेला, १४-१६ नंबर. त्याचा निम्फ झटके देत पोहतो, तुमचा फेझंट टेल इथे कामाला येईल. लाइन ओढायची ती बोटांवर आठच्या आकड्यात गोळा करत, एकदम हळू, मधेच थांबून. टाचणी या चतुरासारख्या किड्याची अळी हिरवी आणि सडपातळ, ती उंचीवरच्या सगळ्याच तळ्यांत नसते, पण असली तर कात टाकायला गवतावर चढावं लागतं म्हणून पोहत काठाकडे येते. म्हणजे फ्लाय खोलातून काठाकडे ओढायची, जे काठावरून करणाऱ्याला तसंही करावंच लागतं. पाणवनस्पती असेल तर स्कड ठेवा, कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव, जिवंत असताना ऑलिव्ह आणि मेल्यावर नारिंगी पडतो, दोन्ही रंग हवेत.

आणि ऑगस्ट आला की मुंग्या. दुपारी दरीतून वर चढणारा वारा खालच्या जंगलातले किडे उचलून आणतो आणि तळ्यावर पाडतो, उडत्या मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे. काळी मुंगी १६ नंबर खिशात असल्याशिवाय मी वर जात नाही. कटथ्रोट पृष्ठभागावरचं खाताना अजिबात घाई करत नाही. खालून तिरपा वर येतो, नाक फ्लायच्या खाली आणतो, क्षणभर तसाच तरंगतो, मग तोंडाचा पांढरा भाग दिसतो, तोंड मिटतं, डोकं खाली वळतं. पांढरं दिसलं की हात आपोआप वर जातो आणि फ्लाय तोंडातून काढून घेतली जाते. डोकं खाली वळेपर्यंत थांबा.

गळकरी
अरे काय भावा, २२ नंबरचा गळ आणि ६एक्स, चाळिशीनंतर तो दोरा भोकात ओवायला घरचं माणूस सोबत न्यावं लागतं. ऑलिव्ह नाहीतर काळी वुली बगर (जळवेसारखी दिसणारी केसाळ फ्लाय) १० नंबर बांध आणि उताराच्या कडेने ओढ. तळ्यात जळवा असतात, माशाला त्या आवडतात, विषय कट. एकच लक्षात ठेव, लागला की रॉड वर उचलायची नाही, लाइनच्या हाताने सरळ ओढायचं, रॉडचं टोक पाण्याकडेच. रॉड उचलली आणि त्याने नीट घेतलेली नसली तर फ्लाय त्याच्यापासून दूर जाते, हाताने ओढली तर तिथेच राहते आणि तो परत घेतो.

पाणकोळी
गळकरी, बगर चालतेच, पहाटे आणि ढगाळ वातावरणात मीही तीच लावतो. पण भर उन्हात, काचेसारख्या पाण्यात, फूटभर खोलीवर फिरणाऱ्या माशापुढे बगर ओढली तर तो तळ्याच्या पलीकडच्या टोकाला जातो, आणि जाताना आणखी चारजणांना घेऊन जातो.

वाऱ्याचं राहिलं. वारा सुटला की लोक वैतागतात, खरं तर तेव्हाच मासा सोपा होतो कारण पाणी चुरगळलं की त्याला आपण दिसत नाही. वारा ज्या काठाकडे वाहतोय तिथे पडलेले किडे साचतात, मासे तिकडे जातात. अडचण एवढीच की तिथून कास्ट करताना वारा तोंडावर येतो. मग लीडर थोडा आखूड करायचा आणि कास्ट पाण्यालगत खाली ठेवायचा. लांब टाकायची गरज नसतेच, मासे पायाशी येतात.

खडकाळ
बाप रे, एवढं. सगळ्यांचे आभार. ते फेरी मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका, झिमरमनमध्ये फक्त आर्टिफिशियल फ्लाय आणि ल्युअर, आणि पकडलेला प्रत्येक मासा सोडून द्यायचा असा नियम आहे. तिथले ग्रीनबॅक मूळचे म्हणतात पण बोर्डवर वाचलं की २०१४ साली सोडले. मग मूळचे कसे? कोणी सांगेल का.

शेवाळ
हा प्रश्न आलाच आहे तर लिहितो, लांबेल जरा.

रॉकी पर्वतातली काय किंवा कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडातली काय, उंचावरच्या बऱ्याच तळ्यांत मुळात मासेच नव्हते. हिमनद्यांनी खणलेली तळी, खालच्या दरीत कडे आणि धबधबे, मासा चढणार कसा? एकोणिसाव्या शतकात लोकांनी खेचरांच्या पाठीवर डबे लादून मासे वर नेले, पुढे विमानातून बोटभर पिल्लं टाकायला लागले, ते आजही चालतं. सिएराच्या तळ्यांत ट्राउट आल्यावर तिथले पिवळ्या पायांचे डोंगरी बेडूक खूप घटले, एक मोठं कारण म्हणजे त्यांची डिंभकं मोठी व्हायला दोन-तीन वर्षं घेतात, तोवर त्यांना खाणारं कोणी नसेल अशा पाण्यातच ती वाढतात. आता काही तळ्यांतून जाळी लावून ट्राउट काढून टाकतात, त्यानंतर बेडूक परत आलेत. म्हणजे मासा पर्वतरांगेचा मूळचा असतो, त्या त्या तळ्याचा असेलच असं नाही.

ग्रीनबॅकची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. हा कोलोरॅडोच्या पूर्व उताराचा, साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्याचा मासा. खाणींमुळे घाण झालेलं पाणी, बेसुमार मासेमारी, आणि बाहेरून आणलेले मासे. पूर्वेकडून आणलेला ब्रुक ट्राउट त्याची जागा आणि खाणं बळकावतो, आणि रेनबो ट्राउटशी त्याचा संकर होतो कारण दोघंही वसंतात अंडी घालतात. १९३७ पर्यंत ग्रीनबॅक नामशेष झाला असं धरलं गेलं. १९५० च्या दशकात काही ओढ्यांत कटथ्रोट सापडले, तेच ग्रीनबॅक म्हणून वाढवले, रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या कितीतरी तळ्यांत सोडले, १९९४ मध्ये तो राज्याचा अधिकृत मासा झाला. आणि मग २०१२ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी संग्रहालयांत अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या माशांचा डीएनए काढला आणि आजच्या माशांशी ताडून पाहिला. कळलं असं की एवढी वर्षं ज्यांना ग्रीनबॅक म्हणून सोडत होते त्यातले बहुतेक दुसऱ्याच कुळीचे कटथ्रोट. खरा ग्रीनबॅक उरला होता तो एकाच ओढ्यात, कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकमध्ये, सहा-सात किलोमीटरच्या पट्ट्यात.

गंमत म्हणजे बेअर क्रीक साउथ प्लॅटच्या खोऱ्यात नाहीच, तो आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात आहे. तिथे तो पोचला कारण पाइक्स पीक शिखराच्या वाटेवर हॉटेल काढलेल्या जोसेफ जोन्स नावाच्या माणसाने १८७०-८० च्या दशकांत तिथे मासे आणून सोडले होते. गिऱ्हाइकांसाठी केलेल्या धंद्यातून एक आख्खी उपजात वाचली. त्या ओढ्यातल्या माशांपासून पैदास करून २०१४ मध्ये झिमरमन लेकमध्ये सोडले, आता कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याची माणसं दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथूनच अंडी गोळा करतात आणि पिल्लं पुढे साउथ प्लॅट खोऱ्यातल्या दुसऱ्या ओढ्यांत जातात. हर्मन गल्च नावाच्या ओढ्यात ते नैसर्गिकरीत्या प्रजनन करायला लागल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. खडकाळ, म्हणजे तुमच्या पुढून फिरणारा मासा त्या तळ्यात नवा आहे पण खोऱ्यात घरचा आहे.

ओळखायचं तर जबड्याखाली दोन्ही बाजूंनी लाल-नारिंगी चीर सगळ्याच कटथ्रोटला असते. ग्रीनबॅकचे ठिपके मोठे, गोल, आणि शेपटीकडे दाट होत जाणारे. पण ठिपक्यांवर भरवसा ठेवून जाणकारांची काही दशकं गेली, तेव्हा आपण फार छाती पुढे काढू नये.

अर्धवटराव
हॉटेलवाल्याचा किस्सा एक नंबर. शेवाळ, तुम्ही वेगळा धागा काढाच.

अवांतर प्रश्न, ग्रीनबॅक सोडायच्या ओढ्यांतून आधी ब्रुक ट्राउट काढून टाकावे लागत असतील, ते नक्की कसे? एकेक गळाने?

शेवाळ
गळाने जन्मात होणार नाही. रोटेनोन नावाचं द्रव्य वापरतात, काही शेंगवर्गीय झाडांच्या मुळांतून निघतं, ते कल्ल्यांतून आत जातं आणि पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. ओढ्याच्या खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट सोडून त्याचा परिणाम मारतात म्हणजे पुढच्या पाण्यातले मासे वाचतात. त्याआधी खाली एखादा धबधबा किंवा बांध असावा लागतो, नाहीतर ब्रुक परत वर येतात. कधीकधी दोन-तीनदा करावं लागतं. जलकिडेही मरतात, ते पुढे परत येतात, यावर वाद असतातच आणि ते असावेत.

निळावंती
धागा आवडला, माहिती नव्हती यातली काहीच. पण एक विचारते, राग मानू नका कोणी. एवढ्या मुश्किलीने जगवलेला जीव, आणि आपण त्याच्या ओठात गळ रुतवायचा, दमवायचा, बाहेर काढून फोटो घ्यायचा आणि सोडून द्यायचा, हे कशासाठी? खाण्यासाठी मारतात ते मला एकवेळ समजतं. इथे तर खायचंही नाही. नुसतं बसून फेऱ्या बघा की, पाणकोळींनी लिहिलंय तसं, तेवढ्यातच किती मजा आहे.

गळकरी
निळावंतीताई, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, पण जो माणूस त्या माशामागे पहाटे उठून डोंगर चढतो तोच त्याच्यासाठी भांडतो पण. नुसतं बघणारे फोटो काढून खाली येतात.

शेवाळ
गळकरींचं वाक्य मला जरा सोपं वाटतं, बघणारेही भांडतात. पण पैशाची बाजू खरी आहे. अमेरिकेत मासेमारीच्या सामानावर कर लागतो आणि तो १९५० च्या कायद्यानुसार राज्यांना माशांच्या संवर्धनासाठी मिळतो, शिवाय लायसन्सचे पैसे. ग्रीनबॅकची पिल्लं पाण्याच्या पिशव्यांतून पाठीवर मारून वर नेणाऱ्या स्वयंसेवकांत बरेचजण फ्लाय फिशिंगवाले होते.

सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही हे मात्र कबूल करायला हवं. आमिष गिळलेला मासा खोल गळ लागून जास्त मरतो, फ्लाय सहसा ओठाच्या कडेला लागते, म्हणून तर तिथे आमिषाला बंदी आहे. कोमट पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. म्हणून २० अंश सेल्सिअसच्या वर पाणी गेलं की थांबायचं असा बऱ्याचजणांचा दंडक असतो, झिमरमनसारख्या उंचीवर तशी वेळ क्वचितच येते, खालच्या नद्यांवर ऑगस्टमध्ये नेहमी येते.

निळावंती
कराचं समजलं. तरी गळाच्या पैशातून माशाचं भलं, हे गणित मला पचायला जड जातंय. असू द्या, माझ्यामुळे धाग्याला फाटा फुटायला नको. निदान कमीत कमी त्रास कसा द्यायचा तेवढं कोणीतरी नीट लिहा.

टेकडीवाली
निळावंती, फाटा कसला, हे लिहायलाच हवं होतं.

फ्लायच्या टोकाजवळचा उलटा काटा फोर्सेप्सने आधीच दाबून सपाट करा, घरीच. नॅशनल पार्कमधल्या सोडून द्यायच्या पाण्यांत तो नियमच आहे. दाबला की गळ दोन बोटांनी सुटतो. लाइन ढिली सोडली नाही तर मासाही जात नाही, उगाच भीती असते. माशाला हात लावायच्या आधी हात पाण्यात ओले करा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा चिकट थर लागून येतो आणि तिथे पुढे बुरशी धरते. जाळी रबराची. गळ पाण्यातच काढा, फोटो हवाच असेल तर कॅमेरा तयार ठेवून एका श्वासात, म्हणजे तो श्वास तुम्ही माशाबरोबर धरायचा, तुम्हाला सोडावासा वाटला की माशाला पाण्यात. कल्ल्यात बोट नको, पोट दाबायचं नाही, काठच्या खडकांवर टाकायचं तर नाहीच. सोडताना पुढे-मागे हलवत बसू नका, शेपटीच्या मुळाशी हलकं धरून सरळ ठेवा, त्याला जायचं तेव्हा तो जातो. आणि टिपेट अति बारीक घेऊन मासा तासभर खेळवणं यात काही शौर्य नाही, पटकन आणा पटकन सोडा.

अजून एक. बर्फ गेल्यावर लगेच कटथ्रोट अंडी घालायला तळ्यात येणाऱ्या आणि तळ्यातून निघणाऱ्या ओढ्याच्या रेतीत जमतात. जोडीने, उथळ पाण्यात, इतके आपल्याच नादात की पायाशी आलेलं त्यांना कळत नाही. तिथे फ्लाय टाकायची नाही आणि त्या रेतीत पायही घालायचा नाही, अंडी खडीत पुरलेली असतात. कुठे कधी बंदी आहे ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघून जा, तळ्यातळ्याचं वेगळं असतं.

गळकरी
+१००. आणि बूट. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बूट, वेडर (पाण्यात उतरायचे जलरोधक पायजमे), जाळी घासून धुवा आणि पूर्ण वाळवा. व्हर्लिंग डिसीज नावाचा परजीवी आजार चिखलातून पसरतो, पिल्लांचा सांगाडा वाकतो आणि ती गोल गोल फिरत राहतात, कोलोरॅडोच्या रेनबोंची त्याने वाट लावली होती. न्यूझीलंडची मड स्नेल म्हणून गोगलगाय आहे ती तर तांदळाच्या दाण्याहून बारीक, लेसमध्ये अडकून येते.

अर्धवटराव
एवढं सगळं वाचून मी जायचं ठरवत होतो पण साडेदहा हजार फूट आणि हातात ९ फुटी कार्बनची काठी, वीज पडते का हो तिथे?

पाणकोळी
अर्धवटराव, पहिल्यांदाच कामाचं विचारलंत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जवळजवळ रोज दुपारी गडगडाट. सकाळी निळंशार आभाळ, अकराला एक पांढरा ढग, एकला तो डोक्यावर काळा. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, त्यात आपण मोकळ्या पाण्याच्या काठी. पहाटे चढा आणि दुपार व्हायच्या आत खाली असा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचेल एवढ्या अंतरावर आहे, रॉड खाली ठेवायची, पाण्यापासून आणि एकट्या उंच झाडापासून लांब जायचं, शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय परत नाही. मुंग्यांचा तास आणि विजेचा तास एकच असतो ही त्या डोंगराची खोड आहे. आणि खालून गाडीने थेट येऊन चढायला लागलात तर डोकं धरतं, पाणी पीत राहा.

खडकाळ
मंडळी, परत जाऊन आलो. उजाडायला वर होतो. सांगितल्याप्रमाणे रॉड पिशवीतच ठेवून खडकाला टेकून बसलो, पंधरा मिनिटांत अस्वस्थ झालो, पण मग दिसायला लागलं. डावीकडे पडलेल्या स्प्रूसच्या खोडापाशी एक मोठा, त्याच्यामागे दोन लहान, खोडाच्या खालून निघायचे, उथळावर येऊन गाळात नाक खुपसायचे, गडद पाण्याच्या कडेला वळायचे. मोठा प्रत्येक वेळी त्याच एका पांढऱ्या दगडाला वळसा घालायचा. दगडाच्या अलीकडे लाल झीब्रा मिज टाकून ठेवला, गुडघ्यावर, लाइन गवतात. तो आला, बोटभर ओढली, त्याने मान किंचित वाकवली, बस एवढंच, लाइनला काही जाणवलंही नाही. ओढली आणि होता. पाण्यातच सोडवला, शेपटीकडचे ठिपके शाईने टिंब दिल्यासारखे, जबड्याखाली ती नारिंगी चीर. फोटो नाही कारण हात ओले होते आणि फोन कोरडा हवा होता.

दहाच्या सुमाराला वारा वर यायला लागला, पाण्यावर काळे ठिपके, मुंग्याच. काळी मुंगी बांधली. आता इथे गाडी अडली. मासा वर येतो, नाक फ्लायच्या खाली आणतो, टेकडीवालींनी लिहिलंय अगदी तसा तरंगतो, आणि मग तोंड न उघडता खाली निघून जातो. एक नाही, बरेच. बाजूची खरी मुंगी घेतो आणि माझी सोडतो. फ्लाय १६ नंबरचीच आहे, टिपेट ६एक्स आहे, मी हलत नव्हतो. काय बघतोय तो?

टेकडीवाली
टिपेट बघतोय. पाणी सपाट असताना टिपेट पृष्ठभागावर तरंगतो आणि त्याच्याभोवती पाणी किंचित दबतं, ऊन वरून आलं की त्या दबलेल्या रेघेची सावली तळावर दोरखंडाएवढी जाड पडते. पुढच्या वेळी उथळ तळाकडे बघा, तुम्हालाही दिसेल. ७एक्स केला तरी सावली पडतेच.

फ्लायजवळचा दोन-एक फूट टिपेट बुडायला हवा. काठचा बारीक ओला चिखल चिमटीत घ्या आणि फ्लायपासून मागे तेवढा टिपेट त्यातून दोनदा ओढून काढा, वरचा तेलकटपणा जातो आणि तो लगेच पाण्याखाली जातो. फ्लोटंट (फ्लाय तरंगत ठेवायचं तेल) फक्त मुंगीलाच, बोटाला लागलेलं टिपेटला पुसू नका, बहुतेकदा तिथेच घोटाळा होतो. टाकल्यावर एक हलका ताण द्या म्हणजे टिपेट सरळ होऊन बुडेल, मग परत हलवू नका. एवढं करूनही नाकारला तर मुंगीचं पोट कापून बारीक करा, १८ नंबर.

पाणकोळी
आणि फ्लाय पूर्ण कोरडी तरंगू देऊ नका, खरी मुंगी पाण्याच्या पापुद्र्यात अडकून अर्धी बुडालेली असते. फ्लोटंट नुसतं पाठीला, पोट ओलं. नाहीतर सरळ बुडणारी मुंगी बांधा, सोबत दुसरी फ्लाय नाही, बारीक इंडिकेटरही नाही, फक्त मासा वळतो का ते बघायचं. तुम्हाला आता दिसायला लागलंच आहे.

खडकाळ
चिखलाचं करून बघतो. पुढच्या आठवड्यात ढग कमी दाखवतायत. १८ नंबरच्या मुंग्या आजच बांधायला घेतो.

अर्धवटराव
जागा असेल तर मीही येतो. रॉड पिशवीतच ठेवायची एवढं तंत्र मला आधीपासून येतं.